कॉट, खानावळ आणि मन

विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, हे बरे झाले. २०२५ च्या मार्च महिन्यात न्यायालयाने न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा विचार करण्यासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षीच्या जुलैत दुसऱ्या एका प्रकरणात निकाल देताना न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांना पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, ही त्यांतली एक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातल्या होत्या. राज्यवार यादीत आपला क्रमांक पहिला होता. शिक्षणाची गंगा दारोदार नेल्याचा अभिमान बाळगणाऱ्या, फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्यावाचून एकही सभा सुरू न करणाऱ्या या राज्याने त्या आकड्यापाशी थोडा वेळ थांबावयास हवे होते. तसे काही झाल्याचे स्मरत नाही.

या विषयावर आपल्या कार्यकर्त्यांत बोलणे निघाले की दोन सूर ऐकू येतात. पहिला सूर असा की, मन, नैराश्य, समुपदेशन ही सगळी सुखवस्तू वर्गाची भाषा आहे. विषमता गेली, बेकारी हटली की मने आपोआप ठीक होतील. दुसरा सूर अलीकडे तरुण मित्रांत अधिक आढळतो. कॉलेजात समुपदेशक नेमला, एक दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावला, वर्षातून एक व्याख्यान ठेवले की आपले कर्तव्य संपले, असे त्यांना वाटते. पहिल्या सुरात आजारी माणसाला क्रांतीपर्यंत थांबावयास सांगितले जाते, तर दुसऱ्यात उपाशी माणसाला दीर्घ श्वास घेण्याचा सल्ला दिला जातो. दोहोंपैकी कोणताही सूर समाजवादी म्हणता येणार नाही, हे या लेखात मला मांडावयाचे आहे.

घर सोडून शिकावयास जाणाऱ्या मुलाच्या मनाचे काय होते, हे पाहावयाचे तर तो कोठे राहतो आणि काय खातो येथून सुरुवात करावी लागते. पुण्याचेच उदाहरण घेऊ. बीड, लातूर, धाराशिव, परभणी, जळगाव, नंदुरबार, बुलढाणा, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून दर जून-जुलैत मुलांचे लोंढे या शहरात उतरतात. ज्याला सरकारी किंवा कॉलेजच्या वसतिगृहात जागा मिळाली तो भाग्यवान. बाकीच्यांच्या वाट्याला येते ती कॉट. खोली असे म्हणावयाचे नाही, कारण खोली कोणाचीच नसते. जुन्या वाड्यातल्या किंवा नव्या इमारतीतल्या एका खोलीत चार, सहा, क्वचित आठ कॉट टाकलेल्या असतात आणि प्रत्येक कॉटचे भाडे वेगळे. डिपॉझिट वेगळे, एजंटाचे कमिशन वेगळे. त्या कॉटखाली एक पत्र्याची ट्रंक किंवा बॅग, डोक्यापाशी मोबाईलचे चार्जर आणि खिळ्याला टांगलेले कपडे. एवढ्या जागेत एका तरुण माणसाला आपली तीन-चार वर्षे काढावयाची असतात. रडू आले तर रडावयाला कोपरा नाही. आजारी पडले तर बाजूच्या कॉटवरचा मुलगा दोन महिन्यांपूर्वीच आलेला असतो आणि त्याचे नावही धड ठाऊक नसते.

खानावळीचे गणितही असेच. महिन्याचे पैसे आगाऊ भरावयाचे. महिनाअखेर पैसे संपले की पुष्कळ मुले एक वेळची मेस लावतात आणि दुसऱ्या वेळी वडापाव किंवा नुसत्या चहावर भागवितात. घरून रोज फोन येतो. आई विचारते, जेवलास का? मुलगा हो म्हणतो. या एका ‘हो’मध्ये किती मुलांचे किती खोटे दडलेले आहे, याची मोजदाद कोणत्याही विद्यापीठाच्या कचेरीत नाही. परंतु त्याने ‘नाही’ म्हणावे तरी कसे? त्याच्या शिक्षणासाठी बैलजोडी विकलेली असते, आईची पोत गहाण पडलेली असते किंवा धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबलेले असते. मुलगा शहरात शिकत नसतो, तो घराचे कर्ज उरावर घेऊन वर्गात बसलेला असतो. मध्यमवर्गातल्या मुलाला एक विषय राहिला तर घरी बोलणी बसतात. या मुलाला एक विषय राहिला तर एक हंगाम वाया गेल्यासारखे वाटते, आणि विद्यार्थ्यांच्या भाषेत ज्याला ‘वाय.डी.’ म्हणतात, म्हणजे अख्खे वर्ष वाया जाणे, ते तर सांगण्याची हिंमतच होत नाही. अशी किती मुले गावी न कळविता वर्ष-वर्ष शहरात नुसती राहतात, हे कॉटमालकांना विचारावे.

ग्रामीण महाराष्ट्राने या तुटलेपणावर आपल्या परीने एक उपाय शोधला होता, त्याचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गावाहून निघणाऱ्या एस.टी.त आई डबा ठेवते, कंडक्टर किंवा ड्रायव्हर तो सांभाळतो, आणि तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या स्थानकावर मुलगा तो उतरवून घेतो. लातूरसारख्या शिक्षणाच्या गावी वर्षानुवर्षे हे डबे येत आहेत. त्या डब्यात केवळ भाकरी-भाजी नसते. आज घरी काय शिजले, हे त्यातून मुलाला कळते; डबा धुऊन परत गेला की मुलगा ठीक आहे हे घरी कळते. सार्वजनिक वाहतूक ही मानसिक आरोग्याचीही यंत्रणा असते, हे अर्थखात्याला कोण समजावून सांगणार? २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला. कर्मचाऱ्यांची बाजू न्याय्य होती, आणि सरकारने तो प्रश्न इतके महिने चिघळू दिला, तेव्हा अशा किती मुलांचे डबे आणि शनिवार-रविवारची घरवापसी बंद पडली याचा विचार मंत्रालयात कोणी केला नाही.

आता शासनाच्या मदतीकडे वळू. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयंम् योजना आहे. योजना चांगली आहे आणि ती मिळविण्यासाठी विद्यार्थ्यांनी मोर्चे काढलेले आहेत, हे विसरून चालणार नाही. पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांसाठी स्वाधारची वार्षिक रक्कम ठरली ६०,००० रुपये: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. म्हणजे दहा महिने धरले तरी निवासाला महिना २,००० रुपये. पुण्याच्या पेठांत महिना दोन हजारांत कॉट मिळते काय, हे ज्या अधिकाऱ्याने ही रक्कम मंजूर केली त्याने एकदा स्वतः चौकशी करून पाहावे. तरीही ही रक्कम वेळेवर हाती पडली तर मुले तिच्यावर निभावतील. ती वेळेवर पडत नाही, हे खरे दुखणे आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अडकतात, बोनाफाईड द्या, उत्पन्नाचा दाखला द्या, आधार जोडा, त्रुटी दूर करा, असे करीत वर्ष संपते आणि पैसे पुढच्या वर्षी येतात. दरम्यान मुलगा उसनवारीवर जगतो. कॉटमालक रोज विचारतो, मेसवाला रोज विचारतो, कॉलेजचा कारकून परीक्षेच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विचारतो. दिवसातून तीन वेळा तीन माणसांसमोर मान खाली घालावी लागणाऱ्या मुलाला झोप लागत नाही, म्हणून समुपदेशकाने त्याला झोपेच्या चांगल्या सवयी सांगाव्यात, हा विनोद आहे आणि तो क्रूर आहे.

हा विनोद आपल्या राज्याला नवा नाही. २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातील आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. शेतकऱ्याला धीर देणारा कोणी भेटला, हे चांगलेच झाले. परंतु सोयाबीन आणि कापसाचा भाव धीर दिल्याने वाढत नाही. त्याच शेतकऱ्याचा मुलगा आज पुण्यात कॉटवर आहे आणि बापासाठी काढलेली तोड मुलासाठीही काढली जात आहे.

पोटाच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न आहे, तो मानाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि तालुक्याच्या कॉलेजात पहिला आलेला मुलगा शहरातल्या अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात येतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की येथे आपल्याला काही येत नाही. वास्तविक त्याला विषय येत असतो. येत नसते ती इंग्रजी. प्राध्यापकाचा प्रश्न समजतो, उत्तरही मनात तयार असते, परंतु वाक्य जुळेपर्यंत दुसऱ्याने उत्तर दिलेले असते. हे दहा वेळा झाले की मुलगा हात वर करणे सोडतो आणि वीस वेळा झाले की मागच्या बाकावर जातो. नंतर तो वर्गात येणेच सोडतो. कॉलेजच्या नोंदीत त्याच्यापुढे ‘अनियमित’ असा शेरा पडतो. इतकी वर्षे मातृभाषेतून उच्च शिक्षणाच्या गप्पा मारणाऱ्या सरकारांनी या एका गोष्टीसाठी, म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी, किती प्राध्यापक नेमले?

आणि जात. शहरात जात नसते, असे शहरातल्या सवर्णांना वाटते. कॉट दाखविताना मालक आडनाव विचारतो. आडनावावरून समजले नाही तर गावाकडे घर कोठल्या भागात आहे, असे विचारतो. ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही’ या वाक्याचा अर्थ दलित आणि मुसलमान मुलांना बरोबर कळतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील जातिभेदाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ साली आपला अहवाल दिला, तेव्हा तेथील वसतिगृहात अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना त्रास देऊन देऊन ठरावीक मजल्यांवर एकत्र ढकलले गेल्याचे समोर आले होते. थोरात हे अमरावती जिल्ह्यातले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. वसतिगृहाची भिंत विद्यार्थ्याला उभे करते आणि तीच त्याला चिरडूही शकते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला, तेव्हा तो वसतिगृहातून काढून टाकला गेलेला होता आणि त्याच्या शिष्यवृत्तीचे पैसे कित्येक महिने थकलेले होते. जळगावची डॉ. पायल तडवी २२ मे २०१९ रोजी मुंबईत गेली. वरिष्ठांकडून जातिवाचक छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला आणि त्यावरून खटला उभा राहिला. या दोघांच्या मातांनी, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी यांनी, २०१९ साली मिळून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. आज न्यायालय जे काही बोलत आहे त्यामागे या दोन स्त्रियांची चिकाटी आहे, आणि शिक्षणसंस्थांच्या परिपत्रकांत त्यांचे नाव सहसा नसते म्हणून ते येथे मुद्दाम लिहितो.

मुलींविषयी वेगळे लिहावयास हवे, कारण त्यांची कोंडी वेगळी आहे. गाव सोडून शिकावयास आलेली मुलगी घरच्यांशी, भावकीशी, कधी सगळ्या गावाशी भांडून आलेली असते. २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून राहण्याची सोय होत नाही. आणि राहावयाला मिळाले तरी मुलीला एक सवलत नसते, ती म्हणजे दुःख सांगण्याची. मुलगा ‘करमत नाही’ म्हणाला तर बाप म्हणतो, चार दिवस घरी येऊन जा. मुलगी ‘करमत नाही’ म्हणाली तर घरचे म्हणतात, मग ये परत, स्थळ पाहिलेलेच आहे. म्हणून ती ते म्हणतच नाही. छेडछाड झाली, वसतिगृहात कोणी त्रास दिला, परीक्षेत अपयश आले, तरी ती फोनवर हसून बोलते. तिचे शिक्षण टिकावयाचे तर तिच्या मनाचा भार घराबाहेर कोणीतरी उचलावा लागतो. मैत्रिणी तो उचलतात. पण त्याही वीस वर्षांच्याच असतात.

‘करमत नाही’ हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द आहे. गाव आठवते, चव लागत नाही, संध्याकाळ खायला उठते, हे सारे त्यात आले. तो रोग नव्हे, आणि प्रत्येक उदास मुलाला रोगी ठरविण्याचे कारण नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात दाखविले की, माणसाचे आपल्या समूहाशी असलेले बंध विरले की हे प्रमाण वाढते. दुर्खीम वाचला नसला तरी आपल्या पूर्वसूरींना ही गोष्ट कळलेली होती, कारण त्यांनी शाळेइतकेच महत्त्व वसतिगृहाला दिले. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली आणि जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ साली सोलापूरला काढलेले वसतिगृह. कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली आणि भाकऱ्या बडविण्यापासून शेतात राबण्यापर्यंतची कामे त्यांना एकत्र करावयास लावली. ज्याने ज्याच्याबरोबर पाणी भरले, त्याला तो ‘करमत नाही’ हे सांगू शकतो. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या आणि मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाच्या खोल्यांतून दलित साहित्याची आणि दलित पँथरची पिढी वाढली. पोटाला चिमटा त्या मुलांच्याही होता, अपमान तर आजच्यापेक्षा उघड होते. परंतु रात्री खोलीत परतल्यावर तो अपमान एकट्याचा राहत नसे. त्याची कविता होई, पत्रक होई, भांडण होई. आजच्या कॉटवर तो एकट्याचाच राहतो आणि मोबाईलच्या पडद्याखाली झाकला जातो.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाचे प्रमुख होते, हे आपल्याला ठाऊक असते. ते तेथे काय करीत, हे आठवावयास हवे. मुलांची अंथरुणे ते आवरीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत, मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ नावाचे दैनिक लिहून काढीत. रोज! घर सोडून आलेल्या मुलाला सकाळी उठल्यावर आपल्यासाठी कोणीतरी काही लिहिले आहे हे दिसावे, यापेक्षा मोठे समुपदेशन कोणते? आजच्या विद्यापीठांत वसतिगृहाचा रेक्टर हे पद प्राध्यापकाच्या गळ्यात मारलेले जादा काम असते आणि त्याची मुलांशी भेट होते ती बहुधा शिस्तभंगाच्या नोटिशीवर.

आणि गुरुजींचाच विषय निघाला आहे तर पुढचेही बोलले पाहिजे. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले जीवन संपविले. ज्यांनी हजारो मुलांची दुःखे वाहिली, त्यांच्या मनावरचे ओझे कोणाला हलके करता आले नाही. आपल्या परिवारात यावर हळू आवाजात बोलतात. कोणी त्याला समाजाविषयीच्या निराशेचा परिपाक म्हणतात, कोणी आत्मबलिदान म्हणतात. त्यांच्या मनात काय होते, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु ध्येयनिष्ठा, चळवळ, सोबती, लोकांचे प्रेम एवढे सगळे असूनही माणूस आतून कोसळू शकतो, हे ज्यांना गुरुजी वंदनीय आहेत त्यांनी तरी नाकारू नये. म्हणून पहिल्या सुरातल्या मित्रांना माझे सांगणे आहे की, मनाचा आजार हे वर्गीय चोचले नव्हेत. तो श्रीमंताला होतो तसा शेतमजुराच्या मुलालाही होतो. फरक इतकाच की श्रीमंताच्या मुलाला डॉक्टर भेटतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळून आले की निरनिराळ्या मानसिक विकारांनी ग्रासलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हा आकडा वाचून ज्याला विषमतेचा प्रश्न दिसत नाही त्याने समाजवादाचे नाव घेऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. रेशनच्या हक्कासाठी आपण तहसीलवर जातो. या हक्कासाठी जिल्हा रुग्णालयावर किती वेळा गेलो?

कार्यकर्त्याने मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी अपेक्षा नाही. मात्र ‘करमत नाही’ आणि ‘जगावेसे वाटत नाही’ यांतला फरक त्याला ओळखता आला पाहिजे. महिना झाला तरी झोप येत नाही, मेसचे खाडे वाढत आहेत, घरचा फोन उचलला जात नाही, आवडीची गोष्टही नकोशी झाली आहे, आपण सर्वांवर भार आहोत असे मुलगा वारंवार बोलू लागला आहे, जवळच्या वस्तू कोणाला देऊन टाकीत आहे, अशी लक्षणे दिसली तर बौद्धिक घेऊ नये. त्याच्याजवळ बसावे आणि सरळ विचारावे की, जीव देण्याचे विचार मनात येतात का? असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे; विचारल्याने बहुधा त्याला सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘होय’ असेल तर त्याला त्या रात्री एकटे सोडू नये आणि सकाळी त्याच्याबरोबर सरकारी रुग्णालयात जावे. ससूनसारख्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. रांगेत उभे राहून केसपेपर काढण्याचे काम कार्यकर्त्याला चांगले येते. औषधे चालू झाली तर ती मध्येच बंद करू नयेत, हे मधुमेहाच्या रुग्णाला सांगतो तितक्याच सहजपणे सांगावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. मराठीतही बोलता येते. आणि हे सारे बाहेर बोलू नये. गावाकडे ‘वेडा झाला’ अशी बातमी गेली तर मुलगा पुन्हा कोणाशीही बोलणार नाही.

समुपदेशकाच्या नेमणुकीला माझा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. नेमणूक झालीच पाहिजे. परंतु ती तासिका तत्त्वावर, आठवड्यातून दोन तासांसाठी, प्राचार्यांच्या खोलीशेजारच्या काचेच्या केबिनमध्ये झाली तर तिचा उपयोग तपासणी समितीला दाखविण्यापुरताच. समुपदेशक पूर्णवेळ आणि कायम हवा, मराठी जाणणारा हवा, आणि मुलाची शिष्यवृत्ती थकली आहे असे त्याने लिहून दिले तर त्या कागदावर कारवाई करणे संस्थेला बंधनकारक हवे. तसे नसेल तर तो बिचारा एकामागून एक मुलांची दुःखे ऐकत बसेल आणि वर्षभरात स्वतःच नोकरी सोडून जाईल. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशानंतर तीस दिवसांत खात्यावर पडला पाहिजे आणि तोवर कॉलेजने किंवा वसतिगृहाने पैशासाठी कोणाचीही परीक्षा वा जेवण अडवू नये, ही मागणी विधिमंडळात आपल्या प्रतिनिधींनी धरून ठेवण्याजोगी आहे. स्वाधारची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडणे ही दुसरी. नोकरदाराला महागाई भत्ता मिळतो तर विद्यार्थ्याला का मिळू नये? आणि वसतिगृहे वाढविणे ही तिसरी. भत्ता देऊन मुलाला कॉटच्या बाजारात सोडणे हे सरकारला सोपे जाते, म्हणून नवीन वसतिगृह बांधण्याचे नाव निघत नाही.

सरकार करील तेव्हा करील. पुण्यात १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती गरीब विद्यार्थ्यांसाठी अल्प खर्चात वसतिगृहे चालवीत आली आहे आणि त्यासाठी तिने कोणत्याही मंत्र्याची वाट पाहिली नाही. हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती हमालांसाठी, पण महिनाअखेर तेथे कितीतरी विद्यार्थी जेवून जातात. आपल्या जिल्हा कचेऱ्यांच्या इमारती निवडणुकीचे दोन महिने सोडले तर रविवारी कुलूपबंद असतात. त्यांतली एक खोली दर रविवारी बाहेरगावच्या मुलामुलींसाठी उघडी ठेवावी. तेथे एखादी अनुभवी शिक्षिका किंवा निवृत्त परिचारिका बसावी, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारा एक जाणकार असावा, आणि दुपारी सर्वांनी मिळून स्वयंपाक करावा. सभासदत्वाचा अर्ज मात्र त्या खोलीत ठेवू नये. मुले तेथे कोणाची तरी मते ऐकावयास येणार नाहीत, कांदा चिरताना शेजारच्याशी दोन शब्द बोलावयास येतील. एका शहरात चार-सहा महिने हे करून पाहावे आणि किती मुले आली, किती पुन्हा आली, कोणाला रुग्णालयात न्यावे लागले, किती शिष्यवृत्त्या सुटल्या, याचा हिशेब याच पानावर छापावा.